गेटवेचा नंबर

आमच्या नवा रायपुरातल्या संचालनालयात कॉम्प्युटरला नंबर मिळतो तोही ज्येष्ठतेनं. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं. नऊ वर्षं मलाही यायचं.

थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऑफिसातले कॉम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडले की त्याला नेटवर्क म्हणतात. त्यात प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, आयपी ॲड्रेस. चार आकडे, मध्ये टिंबं. आमच्याकडे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे आणि शेवटचा ज्याचा त्याचा, म्हणून तोच त्या मशीनचा नंबर. दोन मशीनना एकच नंबर दिला तर कुणाचं टपाल कुणाला द्यायचं हे कुणालाच कळत नाही आणि सगळा घोळ होतो. शास्त्र एवढंच आहे. आठवीतल्या पोरालाही कळतं, पण संचालनालयात आठवीतली पोरं नसतात.

हे नंबर आपोआप वाटणारी सोय असते. मी नोकरीला लागले तेव्हा तीच सुरू केली होती. मग एक दिवस आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, पांडुरंग बाबू माझ्या टेबलाशी आले. त्यांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देतात. म्हणाले, "मैडम, ये तो गड़बड़ है. साहब का नंबर सैंतालीस, और आवक-जावक वाले का बारह?"

मी म्हटलं, नंबरानं काही होत नाही. ते म्हणाले, मशीनला ज्येष्ठता कळत नसेल तर मशीनला नंबर वाटू देऊ नका. झालं. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठता यादी माझ्या टेबलावर. पहिले दहा नंबर मी उपकरणांसाठी राखून ठेवले आणि अकरापासून खाली माणसं बसवली. अकरा नंबर संचालकांचा, बारा अपर संचालकांचा, असं करत करत त्रेसष्ट मशीन. कुणी रिटायर झालं की त्याच्या खालचे सगळे एकेक वर सरकायचे आणि मी टेबलाटेबलावर जाऊन नंबर बदलत फिरायचे. एक सहायक एकोणतीसचा अठ्ठावीस झाला म्हणून पेढे घेऊन आला होता. मी ते खाल्ले.

मी त्या यादीत नव्हते. मी संविदावर, म्हणजे करारावर, दरवर्षी मार्चमध्ये जीव टांगणीला लागावा अशी नोकरी. केबल मी ओढली, स्विच मी बसवले, कुठल्या भिंतीतून कुठली तार जाते ते मला झोपेत विचारा. गेल्या वर्षी सरकारनं ठरवलं की आमच्यासारख्या बारा जणांना नियमित करायचं. अट एकच, संचालकांच्या सहीचं प्रमाणपत्र हवं: कार्य संतोषजनक. ज्याला मिळणार नाही त्याचा करार पुढे वाढणार नाही. माझे बाबा, दयाराम रामटेके, तेव्हापासून रोज संध्याकाळी मी रायपुरात गुढियारीला घरी पोचले की चपला काढायच्या आत विचारायचे, "कागद आला का वं, मोनाली?"

प्रताप साठ्ये साहेब जूनमध्ये संचालक होऊन आले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं जुनं मराठी घर. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं. दुसऱ्यांदा सांगताना मी जरा मोठ्यानं सांगितलं.

ऑगस्टमध्ये नंबरांची यादी त्यांच्या हाती पडली. मला बोलावलं. पांडुरंग बाबू शेजारी उभे होते.

"माझा अकरा का?"

"सर, अकरापासून अधिकारी सुरू होतात."

"मग एक नंबरवर कोण आहे?"

"गेटवे, सर."

"कुठल्या सेक्शनमध्ये आहे तो?"

मी हसले नाही, याचं अजूनही मला कौतुक वाटतं. मी सांगितलं की गेटवे म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या कपाटातला काळा डबा. ऑफिसातून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट त्या डब्यातून जाते. प्रत्येक मशीनमध्ये लिहून ठेवलंय की बाहेर काही पाठवायचं असेल तर एक नंबरकडे द्या.

"म्हणजे जिन्यातला डबा माझ्या वर," साहेब म्हणाले. "एक नंबर मला दे."

मी म्हटलं, देता येईल. डब्याला शेवटचा नंबर देऊ, दोनशे चोपन्न. पण मग त्रेसष्टच्या त्रेसष्ट मशीनमध्ये ते नव्यानं लिहावं लागेल. ऑफिस बंद असताना करायला हवं. दोन शनिवार द्या.

"एक आकडा बदलायला दोन शनिवार? तुम्ही लोक साध्या कामाचा डोंगर करता."

तुम्ही लोक म्हणजे संविदावाले, अशी त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, "सर, घाईनं केलं तर सगळं ऑफिस बंद पडेल. मी लेखी देते."

"लेखी नको. उद्या सकाळी मला एक नंबर दिसला पाहिजे." मग त्यांनी बाबूंकडे पाहिलं. बाबू म्हणाले, "हो जाएगा, सर." साहेबांपुढे त्यांच्या तोंडातून दुसरं वाक्य मी कधी ऐकलेलं नाही.

बाबूंना नंबर बदलता येत होता. मीच शिकवलं होतं, मी सुट्टीवर असताना अडायला नको म्हणून. पण ते माझ्याशिवाय हात लावतील असं मला वाटलं नाही. नवा रायपुरात शेवटची बस चुकली की रुंद रस्त्यावर एकटंच उभं राहायचं, म्हणून मी पावणेसहाची स्टाफ बस गाठली आणि घरी गेले.

सकाळी सव्वादहाला पोचले तर सगळे व्हरांड्यात उभे. कुणाचं काहीच उघडत नव्हतं. दहापासून सचिवांची व्हिडिओ कॉन्फरन्स सुरू होती. सगळे जिल्हे जोडलेले, आणि संचालनालयाचाच पडदा काळा.

नंबर आपण देतो तो बदलता येतो, पण प्रत्येक मशीनला कारखान्यातून आलेला एक दुसरा क्रमांकही असतो. ती त्याची जन्मखूण म्हणा. मी माझ्या मशीनला विचारलं, एक नंबरवर कोण बसलंय? जी जन्मखूण उमटली ती डब्याची नव्हती, साठ्ये साहेबांच्या कॉम्प्युटरची होती. सगळं ऑफिस बाहेर जाण्यासाठी एक नंबरला हाक मारत होतं आणि ओ देत होता साहेबांचा कॉम्प्युटर, ज्याला बाहेरची वाटच माहीत नव्हती. मी त्या पडद्याचा छापील कागद काढला, तारीख-वेळेसकट, आणि पर्समध्ये ठेवला.

बाबूंना गाठलं. ते रडवेले झाले होते. "मैडम, स्क्रीन पे आया कि ये नंबर किसी और के पास है. तो मैंने डिब्बा बंद किया, साहब को नंबर दिया, फिर डिब्बा चालू कर दिया."

मशीन त्यांना सांगत होतं की जागा भरलेली आहे. तीस वर्षांच्या नोकरीत बाबूंनी असल्या अडचणीवर एकच उपाय पाहिला होता. आधीच्या माणसाला क्षणभर बाहेर उभं करायचं, साहेबांना खुर्चीवर बसवायचं, आणि मग त्या माणसाला आत घ्यायचं. माणसं अशा वेळी भिंतीला टेकून गुपचूप उभी राहतात. डब्याला ते कुणी शिकवलं नव्हतं.

मी साहेबांचा नंबर पुन्हा अकरा केला आणि दहा मिनिटांत सगळं सुरू झालं. तोवर कॉन्फरन्स संपली होती. तासाभरात सचिवांकडून लेखी खुलासा मागणारं पत्र आलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. नऊ वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर मी दुरुस्तीसाठी सोडून कधी बसले नव्हते.

"हे बघ मोनाली, आपण दोघं मराठी. या परमुलखात आपणच एकमेकांना सांभाळायचं."

माझी रायपुरातली तिसरी पिढी, त्यांची बहुधा सहावी. कसला परमुलूख. पण मी मान हलवली.

"कुणाचं नाव घ्यायचं नाही. पांडुरंगच्या पेन्शनचा प्रश्न आहे. तू फक्त एवढं लिही, तांत्रिक बिघाडामुळे नेटवर्क बंद पडलं आणि तत्काळ सुरू करण्यात आलं. विषय संपला. तुझ्या प्रमाणपत्रावर सोमवारी सही करतो."

पर्समध्ये कागद होता. तो काढून टेबलावर ठेवायला हात पुढे करायचा होता, एवढंच. मला बाबांचा चपलांपाशीचा प्रश्न आठवला. मला वाटलं, तांत्रिक बिघाड म्हणजे कुणाचाच दोष नाही, पाऊस पडावा तसं. मी हिंदीत दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि चहा प्यायले. चहा चांगला होता, हेही सांगते, कारण त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं होतं.

पुढचे दोन शनिवार मी एकटीनं त्रेसष्ट मशीन बदलली. डबा दोनशे चोपन्नवर गेला आणि साहेब एकवर आले. ते स्वतः बघायला आले होते. पडद्याचा फोनवर फोटो काढला. एकही मशीन अडलं नाही. वाईट काम करायला मला जमत नाही, ही माझी खोड आहे.

सोमवार आला आणि गेला, असे पुष्कळ सोमवार गेले. फेब्रुवारीत यादी लागली. अकरा नावं. माझं नाही.

फाइल मला पांडुरंग बाबूंनीच दाखवली. दाखवताना खिडकीकडे बघत होते. माझ्या नावापुढे साहेबांच्या अक्षरात शेरा होता: तकनीकी त्रुटि से नेटवर्क बाधित हुआ, तकनीकी कार्य का दायित्व सुश्री रामटेके का, लिखित स्वीकारोक्ति संलग्न, कार्य संतोषजनक नहीं. मागे लेखी कबुली म्हणून टाचणीनं लावलेल्या माझ्या दोन ओळी.

मी विचारल्याशिवाय साहेबांच्या खोलीत शिरले. म्हटलं, तुम्ही सही करतो म्हणाला होता.

"केली ना सही," ते म्हणाले. "सचिवांनी विचारलं जबाबदार कोण. तू स्वतः लिहिलंस, तांत्रिक बिघाड. ऑफिसात तांत्रिक माणूस दुसरा कोण आहे? मी तर एक शब्द पदरचा घातला नाही."

"माझ्याकडे त्या दिवशीचा कागद आहे, सर. एक नंबरवर कुणाचं मशीन होतं ते आहे त्यात."

ते घाबरतील असं मला वाटलं होतं. ते घाबरले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मग तेव्हा का नाही दिलास? आता दिलास तर तू शासनाला खोटं लिहून दिलंस असं होईल. विचार कर आणि दे."

मी विचार केला. त्यांचं बरोबर होतं. मला राग आला तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त. त्यांनी मला फसवलं ते माझ्याच अक्षरात, आणि वर चहा पाजून. मार्च अखेर माझा शेवटचा दिवस ठरला.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकतीस वर्षं रेल्वेत सिग्नल सांभाळले. सिग्नल बिघडला की तिथे मेमो बनतो, चूक कुणाची ते ठरवून सह्या होतात. एकदा एका अधिकाऱ्यानं त्यांना चुकीच्या मेमोवर सही करायला सांगितली, त्यांनी केली नाही, म्हणून चार वर्षं त्यांना घरापासून लांब बिल्ह्याच्या पुढे टाकलं होतं. ही गोष्ट ते कधी सांगत नाहीत. आईनं मला सांगितली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कागद होता तुयाजवळ?"

"हव."

"अन् तरी लिहून देल्लं?"

"तो सही करतो म्हने, बाबा. तुमी रोज विचारून राहिले होते."

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी मान खाली घातली आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून त्यांनी मला कागदाचं विचारलं नाही, ऑफिसाचंही नाही.

एप्रिलच्या पहिल्या सकाळी मी घरीच होते. शेजारच्या कांताबाई फाटकाशी येऊन बाबांना म्हणाल्या, "काहून भाऊ, पोरगी आज ड्युटीले नाही गेली?"

मी आत ओट्याशी उभी होते. बाबा काय सांगणार ते मला माहीत होतं. एकतीस वर्षांत एक मेमो खोटा न केलेला माणूस.

"तिनंच सोडली," बाबा म्हणाले. "मोठ्या कंपनीनं बोलावलं तिले. सरकारीत काय ठेवलं हाय आता."

आवाज कुठंही अडखळला नाही. कांताबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला बाहेर हाक मारली, तोंडभर हसल्या, विचारलं, खरं काय वं?

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी हव म्हटलं.