मडक्यातले अठरा चिंचोके

"मी सोळा वर्साची व्हते लग्नात. काय झालं मला?" शेंगदाणे पाखडता पाखडता तानुबाईंनी नातीला विचारलं. भक्ती दहावीत होती. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला जाणार. त्याआधी पाथरीचं स्थळ पक्कं करावं, असं तानुबाईंच्या लेकाच्या, किशनरावांच्या मनात होतं. म्हातारीनं रुकार दिला आणि पाहुणे उद्यावर आले.

पोरगी मोठी वस्ताद. रडली नाही, वही घेऊन बसली. सोळा कुणी मोजले, म्हणाली. आपल्या बापानं सासऱ्याला तसं सांगितलं होतं, एवढंच तानुबाईंना ठाऊक. झुंबर आपल्याहून सहा वर्षांनी धाकटी, हे मात्र नक्की. ओट्यावर बसलेल्या बहिणीनं, झुंबरबाईंनीही मान डोलावली; तानी आपल्याहून सहानं थोरली, म्हणाल्या. दोघींचं जुळलं म्हणून तानुबाई खूश झाल्या.

"आज्जी, ही एकच गोष्ट झाली, दोघींनी सांगितलेली. यावर उत्तर निघत न्हाई. दुसरं कायतरी सांग."

दुसरं काय सांगणार? माय अडाणी. दर पंचमीला प्रत्येक लेकीच्या नावानं एकेक चिंचोका मडक्यात टाकायची, तोही दोघींचा एकाच मडक्यात. त्यामुळं कुणाचे किती, हे तिलाही कळायचं नाही. आपल्या लग्नाच्या सकाळी दोघींनी ते मडकं खेळायला पालथं केलं होतं. झुंबर रडायला लागली, म्हणून नऊ-नऊ वाटून घेतले.

"आता निघतंय," भक्ती म्हणाली. सुपातले अठरा शेंगदाणे घेऊन त्यातले सहा तिनं बाजूला काढले, उरलेल्या बारांचे दोन सारखे वाटे केले आणि बाजूचे सहा एका वाट्यात परत टाकले. "झुंबरआज्जी सहाची. अन् तू बाराची."

तानुबाईंचा हात सुपातच राहिला. सोळाच्या घोडीला भरला हंडा उचलत नाही, म्हणून सासूनं वर्षभर बोल लावले होते. आपण कामचुकार, असं त्यांनी स्वतःही जन्मभर मानलं होतं. त्यांना त्या हंडा उचलणाऱ्या पोरीची फार दया आली.

त्यांनी लेकाला हाक मारली. पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांग, पोरगी शिकायलीय. शब्द दिलाय, किशनराव कुरकुरले.

"माझ्या भरवशावर दिलास ना? मग मीच वापस घेतला."

ते अंगणात जाऊन फोन लावेपर्यंत तानुबाई दारात उभ्या राहिल्या. झुंबरबाई जवळ आल्या तेव्हा त्यांना एवढंच म्हणाल्या, "लय लहान व्हते गं मी."