स्पेशल समाजशास्त्र

१९७४ च्या जूनमध्ये सुरय्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली, आणि पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात समाजशास्त्र दोन वर्षं नुसतंच जनरल शिकवत. यंदा स्पेशल विषयाला विद्यापीठाची परवानगी आली होती, पण नावं दिली होती तिच्यासह चौघांनीच.

"दहा तरी हवेत," प्राचार्य म्हणाले. "शनिवारपर्यंत जमले तर वर्ग काढू. नाहीतर तू मराठी घे. मुलींना मराठी बरं पडतं."

सुरय्या कराडच्या जाफर पिंजाऱ्याची मुलगी. शिकायला सांगलीत खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहिलेली. गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या निकम सरांनी एक अख्खा तास पिंजारी, मोमीन, बागवान यांच्यात सोयरिकी का होत नाहीत यावर घेतला होता. घरी हे विचारलं की 'असंच असतंय' म्हणून तिला गप्प बसवत. त्या तासाला तिला कळलं, 'का' असं विचारायचंसुद्धा एक शास्त्र असतं. ते ती सोडणार नव्हती.

तिनं वर्गातल्या मुलांना गाठलं. गुंडा पाटील हसला. "शाळंत समाजशास्त्र असतंय व्हय? मग मास्तरकी कोण देणार?"

दोन दिवस सगळ्यांकडून हेच ऐकून ती खट्टू झाली. मग तिच्या डोक्यात आलं, की ज्यांना मास्तर व्हायचंच नाही, त्यांना का विचारू नये?

जोतीराम फौजेतून पायाला जखम घेऊन परतलेला. साखर कारखान्यावर दुपारपाळीचा पहारेकरी, सकाळी कॉलेज. "बराकीत आमी सगळ्या जातींचे एका ताटात जेवायचो," तो म्हणाला. "गावात आल्यावर पाणवठं येगळं. हे कशापायी, ते शिकवणार असतील तर माझं नाव घाल." शिवाय नोकरी करून शिकणारे दोन दोस्तही त्यानं आणले. लग्न ठरलेल्या दोघी मुली आपणहून आल्या. पुढं चूलच फुंकायची, तर वर्षभर मनाजोगतं शिकू, असं त्यांचं म्हणणं.

एक कमी पडत होता. तेव्हा सुरय्याला गेल्या वर्षीपर्यंत वर्गात असलेली शालू आठवली. दुसरं वर्ष पास होऊन लग्न झालं आणि तासगावला गेली ती गेलीच. शुक्रवारी एसटीनं सुरय्या तिच्या दारात उभी राहिली.

शालूची सासू अंबूबाई शेंगा फोडत बसली होती. "काय शिकवत्यात त्यात?" तिनं वर न बघता विचारलं.

सुरय्या तिच्यासमोर टेकली. मग ती म्हणाली, "घर कसं चालतं ते, मावशी. कुणाचा शब्द चालतो, कुणाचा न्हाई. सासू-सुनेचं का पटत न्हाई, तेबी."

अंबूबाईचा हात थांबला. "पुस्तकात हाय हे?"

"व्हय."

"माझ्या सासूनं मला बारा वर्सं माहेरी धाडलं न्हाई," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याच नशिबात हे." मग दाराआड उभ्या सुनेकडं वळून म्हणाली, "शाले, उद्या पयल्या गाडीनं जा. सैपाकाचं मी बघते. आन पोराला मी सांगते काय सांगायचं ते."

शनिवारी दहाजण प्राचार्यांपुढं उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, प्रत्येकाकडं पाहिलं. "बाई," ते सुरय्याला म्हणाले. आजवर त्यांनी तिला 'बाई' म्हटलं नव्हतं. "सोमवारी सकाळी पहिला तास."

सोमवारी खोलीत बाकं पुरेनात. बातमी फिरली होती आणि गुंडासकट आणखी तिघं आयत्या वेळी येऊन बसले होते. जोतीराम आणि सुरय्या शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गात गेले आणि तिथलं लांबलचक बाक दोन्हीकडून उचलून, दारात अडकवत, सोडवत, मोठ्यानं हसत आत घेऊन आले. निकम सर हातात खडू घेऊन थांबले होते.

"बसा," ते म्हणाले. "कुटुंबापासून सुरुवात करू."

पहिला प्रश्न विचारायला शालूनं हात वर केला.