दोन वितींचा पलंग

इजिप्तमधलं दमिएत्ता म्हणजे सुतारांचं गाव. तिथे शेंबडं पोरही करवत चालवतं. मग आपण काय कमी, म्हणत मिठाईवाल्या शाझलीने लेकीचा पलंग घरीच करायला घेतला. मदतीला दोस्त बदावी, जातिवंत मासेमार.

"टेप आण रे," बदावी म्हणाला.

"टेप नवशिक्यांना! पाय दोन-दोन वितींचे, बस्स."

उशाचे पाय बदावीने कापले, पायथ्याचे शाझलीने. पलंग उभा राहिला तो चक्क उतरणीला. बदावीचा पंजा वल्ह्याएवढा, हे वीस वर्षांच्या दोस्तीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुझी वीत आहे की जाळं?" शाझली भडकला.

"आणि तुझी? रव्याचा बासबुसा थापून थापून आक्रसलीय!"

तेवढ्यात छोटी समीहा उशावर चढली, सुर्रकन खाली आली, पुन्हा चढली.

"बाबा, घसरगुंडी झकास झालीय," ती म्हणाली. "आता पलंग कधी करणार?"