आधी ठोकून बघा

मित्रांनो, मी एक जुना, तांब्याचा चहाचा बंब आहे. मला पितळी तोटी आहे, खाली गॅसची शेगडी आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. त्याला कारण माझं झाकण. माझ्या आत काय आहे ते बाहेरून कोणाला दिसत नाही. त्यामुळे माणसांच्या झाकणाखालीही काहीतरी शिजत असणार, असं मला कायम वाटत आलं आहे.

ग्लासगोतल्या एका कारखान्यात मला ठोकून आकार दिला. पुढे स्कॉटलंडमधल्याच एलरबर्न गावच्या लोकरीच्या गिरणीत कामगारांना चहा पाजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गिरणी बंद पडली, तेव्हा माग भंगारात निघाले. मला रग्बी क्लबच्या चार धिप्पाड गड्यांनी ढकलगाडीवर चढवलं. हेही मला भंगारातच नेत आहेत, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी मला क्लबच्या स्वयंपाकघरात, सभागृहाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसवलं. त्या खिडकीतून कप बाहेर जातात आणि गप्पा आत येतात.

एलरबर्नमध्ये क्लब म्हणजे नुसतं मैदान नव्हे. कोणी वारलं की दफनानंतरचा चहा इथेच होतो. बर्फाने घाटरस्ता अडला, तेव्हा अडकलेली माणसं याच सभागृहात झोपली होती. दर बुधवारी गावातली म्हातारी माणसं इथे जवाचं आणि मटणाचं गरम सूप प्यायला येतात. आणि सामना संपला, की हरलो असू वा जिंकलो असू, माझ्या तोटीचा पहिला कप पाहुण्या संघाला मिळतो. हा इथला रिवाज आहे.

हे सगळं नेटा हिस्लपच्या हातून चालत असे. मला पेटवण्याआधी ती माझ्या पोटावर बोटांनी ठोकायची. ‘धप्प’ आवाज आला की आत पाणी आहे. ‘टण्ण’ आला की मी रिकामा. मगच ती काडी ओढायची. माझ्या शेजारी कोणीतरी एक पांढरी विजेची किटली आणून ठेवली, तेव्हा मी धसकलो होतो. नेटाने तिला मागच्या फळीवर ढकललं आणि म्हणाली, “तू तिथेच बस, बाई. तुझ्यात पलटणीचा चहा मावायचा नाही.”

नेटात एकच खोट होती. ती डोंगरापलीकडच्या क्रेगशीलची होती. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आली, तरी गावाच्या लेखी ती ‘तिकडचीच’. आणि क्रेगशीलचा संघ म्हणजे आमचा हाडवैरी.

आता ऐका. रग्बीत चेंडू रेषेबाहेर गेला, की दोन्ही संघ शेजारी शेजारी रांगा लावतात आणि एक गडी दोन रांगांच्या मधून चेंडू उंच फेकतो; जो आधी वर उडी घेऊन झेलेल, त्याचा चेंडू. तो पुढच्या गड्यासाठी आहे, मधल्यासाठी की शेवटच्यासाठी, हे तो ओरडून सांगतो, पण गुप्त शब्दात. आमचे प्रशिक्षक वॅट टेट यांनी हे शब्द गावातूनच शोधले होते. एलरबर्नमध्ये निम्मं गाव टेट आडनावाचं, म्हणून प्रत्येक घराला पिढीजात टोपणनाव आहे. कोणी ‘बदक’, कोणी ‘काजळी’, कोणी ‘ओलेमोजे’. “बाहेरच्या माणसाला यातलं ओ की ठो कळणार नाही,” असं वॅट मिशांत हसत म्हणत.

त्या शनिवारी क्रेगशीलने आमच्याच मैदानावर आम्हाला लोळवलं. आमची प्रत्येक फेक त्यांनी हवेतच पळवली.

“आपण तोंड उघडायच्या आत त्यांचा तो लंबू वर!” पाहुणे चहा पिऊन गेल्यावर वॅटनी टेबलावर मूठ आपटली. “कोणीतरी शब्द फोडलेत.”

“लंबू वर होता, कारण आपले गडी पाय मातीत रोवून उभे होते,” कर्णधार कॉलिन म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी मनातल्या मनात एकेकाला तपासू लागलो. दूधवाला पाहुण्यांच्या टेबलावर फार वेळ बसला होता. कॉलिनची मैत्रीण कुठली, कोणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीत नेटा कप मांडत होती. हळूहळू सगळ्यांच्या नजरा तिच्यावर जाऊन थांबल्या, आणि सभागृहातला आवाज एकदम खाली आला.

“काय झालं?” नेटाने विचारलं. “तुमच्या जिभा पाहुण्यांनी नेल्या का?”

“नेटा,” वॅट म्हणाले, “शब्द ठरले तेव्हा तू इथेच भांडी घासत होतीस ना?”

“मग कुठे घासू? नदीवर?”

“आणि रविवारी भावाकडे गेली होतीस. क्रेगशीलला.”

नेटाने हात पुसले. एप्रनची घडी केली, ती माझ्या झाकणावर ठेवली, वर स्वयंपाकघराची चावी ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेली. ती घडी मला फार जड वाटली.

बुधवार आला. म्हातारी माणसं कोट न काढताच बसली होती. आज नाहीतर उद्या हा बुधवार बंदच पडणार, असं कोणीतरी कुजबुजलं. तेवढ्यात वॅट बाह्या सरसावून आत आले. सूप त्यांनी डब्यातलं आणलं होतं. त्यांनी सरळ काडी ओढली आणि शेगडी पेटवली.

माझ्या पोटात थेंबभरही पाणी नव्हतं.

मित्रांनो, कोरड्या पोटी जाळ सोसणं काय असतं, ते मी सांगू शकत नाही. माझा तळ लाल होऊ लागला. जोड वितळून टपकला आणि जळका वास सभागृहात गेला.

“वॅट, अरे, जन्मभर लोकांच्या घरी पाण्याचे नळ बसवलेस, आणि बंबात पाणी घालायला विसरलास?” नव्वदीच्या जेसी हॉगआजी खुर्चीतून ओरडल्या. “नेटा कुठे आहे?”

वॅटनी घाईने शेगडी विझवली. “तिने आपले शब्द तिकडे सांगितले, जेसी.”

“कसले शब्द?”

“ते गुप्त आहेत.”

कॉलिन ताटल्या मांडत होता. त्याला राहवलं नाही. “समजा, मी ‘ओलेमोजे’ म्हणालो, तर...”

“शेवटच्या गड्याला,” जेसी म्हणाल्या.

कॉलिनच्या हातातली ताटली कलली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? ओलेमोजे टेकडीवर अगदी शेवटच्या घरात राहतात. शेवटचं घर, शेवटचा गडी.”

“म्हणजे ‘बदक’ पुढचा!” पलीकडच्या टेबलावरून एक आजोबा ओरडले. “गावात शिरताना पुलापाशी पहिलं घर त्यांचंच.”

“आणि ‘काजळी’ मधल्या गल्लीत!” तिसऱ्या कोणीतरी चमचा वाजवला. सगळं सभागृह हसायला लागलं.

“वॅट बाळा,” जेसी म्हणाल्या, “गावातल्या निम्म्या मुली आपण डोंगरापलीकडे दिल्या. त्यांचा तो लंबू माझ्या बहिणीचा नातू आहे. आजीच्या मांडीवर याच घरांच्या गोष्टी ऐकून वाढलाय तो. तू गुप्त शब्द म्हणून त्याला त्याच्या आजीचं माहेर ऐकवलंस!”

वॅट हसले नाहीत. त्यांनी टोपी घातली आणि चावी घेऊन बाहेर पडले.

बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं. नेटा पुढे होती, वॅट मागे, मान खाली घालून.

“मी तुझ्यासाठी आलेले नाही,” ती त्यांना म्हणाली. “या म्हाताऱ्यांसाठी आले आहे.” मग तिने सवयीने माझ्या पोटावर ठोकलं. चिरका, फुटका आवाज आला. “याचं काय केलंस रे?”

“दुरुस्त करतो,” वॅट म्हणाले. “दोन्ही दुरुस्त करायला हवं, नेटा. मी चुकलो.”

“बंबाचं बघ आधी. तो सोपा आहे.”

त्या दिवशी चहा पांढऱ्या किटलीने केला, सात खेपांत. त्या किटलीने एकदाही तोरा दाखवला नाही. मला तिचाही संशय आला होता, तो मी मागे घेतला.

वॅटनी माझ्या तळाला तांब्याचं ठिगळ लावलं. ते चांगलं बसलं, पण तापलो की अजूनही एक थेंब गळतो, म्हणून नेटा खाली बशी ठेवते. क्रेगशीलचा संघ पुन्हा आला, तेव्हा पहिला कप तिने रिवाजाप्रमाणे त्या लंबूलाच दिला. वॅट तिथेच उभे होते. तिच्या मागे त्यांची नजर क्षणभर संशयाने गेलीच, मग त्यांनी ती बशीकडे वळवली.

मित्रांनो, संशयाची सवय लवकर जात नाही. माझी तरी कुठे गेली? तुम्हालाही संशय येईल. झाकणाखालचं दिसत नाही, तोवर तो यायचाच. पण कोणाच्याही खाली काडी ओढण्याआधी, बंब असो वा माणूस, एकदा हलकेच ठोकून बघा. आवाज ऐका. चुकलात, तर नंतर ठिगळ लावता येतं. पण बशी मात्र कायमची ठेवावी लागते.