फाटकापाशी

माग काढणाऱ्या ओबाकेंगनं तांबड्या वाळूत गुडघा टेकला, पंजाच्या ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकापाशी नेलं. मग दूरच्या बाभळींकडे डोळे बारीक करून बघत तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

"आज सकाळचा आहे," तो म्हणाला. "मोठा नर. एकटाच."

हार्लननं मान डोलावली. सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा माणूस. अमेरिकेहून बायकोला घेऊन सिंहाच्या शिकारीला आला होता. ती आज यजमानांच्या घरीच थांबली होती. ठशाकडे बघताना त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी.

कोर्लियानं नजर दुसरीकडे वळवली. ठसा सकाळचा होता, यात खोटं काही नव्हतं. पण तो शोधत तिघांनी उन्हात इतके वळसे घ्यायची काही गरज नव्हती. गेल्या आठवड्यात हा सिंह ट्रकमधून या कुंपणात आला, तेव्हा ट्रकचं दार ओबाकेंगनंच उघडलं होतं. तेव्हापासून तो पाण्याच्या टाकीजवळच्या बाभळीखाली पडून होता. जाणार कुठे? चारी बाजूंच्या तारांतून वीज खेळत होती.

गाडीकडे परतताना ओबाकेंग तिच्या कानाशी पुटपुटला, "मिस, मी सिनेमात जायला हवं होतं. तिथं निदान छत्री धरायला माणूस देतात."

एरवी ती हसली असती. आज पाहुण्याला घेऊन ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होती. एरवी पाहुण्यांना शिकारीला नेणारे तिचे वडील फान टेरब्लांश पाठ धरल्यामुळे घरी होते. सकाळी त्यांनी तिला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: कुंपण दिसेल अशा बाजूनं गाडी न्यायची नाही, आणि फार बोलायचं नाही.

बोलत होता तो हार्लनच. लहानपणी बापाबरोबर तो बर्फात अस्वलाच्या मागावर गेला होता. हाताची बोटं काळीनिळी होईपर्यंत दोघं फिरले, आणि शेवटी ते अस्वल नदी ओलांडून निसटलं.

"मी रडायला लागलो," हार्लन म्हणाला. "तर बाप म्हणाला, बरं झालं निसटलं. निसटायची सोयच नसेल तर ती शिकार कसली?"

कोर्लिया गाडी चालवत ऐकत होती. सिंह मारलेला तिनं लहानपणापासून पाहिला होता. मागच्या शेडमध्ये मीठ लावून पसरलेली कातडी ओलांडून ती शाळेच्या बसकडे पळायची. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण हा भला म्हातारा आपल्या शेजारी बसून बापाची आठवण सांगतोय आणि आपण त्याला फसवतोय, हे मात्र घशाखाली उतरेना.

तिनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. वारा पडला होता. कुठं पाखरूही बोलत नव्हतं.

"मिस?" मागच्या उघड्या भागातून ओबाकेंगनं विचारलं.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ती हार्लनला म्हणाली. "हा सिंह रानातला नाही. एका पार्कात वाढलाय. पिल्लू होता तेव्हा लोक त्याला मांडीवर घेऊन दूध पाजायचे. तो माणसाला भीत नाही, पळणार नाही. आणि पळाला तरी चारी बाजूंनी तार आहे. तुम्हाला परत जायचं असेल तर मी वडिलांशी बोलेन. बोलणी मी खाईन."

हार्लननं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सांगून झालं?"

"हो."

"मला ठाऊक आहे, पोरी."

ती त्याच्याकडे वळली.

"तुझ्या वडिलांनी फोटो पाठवले होते. त्यातून मीच निवडला हा. आयाळ काळी आहे म्हणून. रानातला सिंह असा सावकाश फोटो काढून घेतो होय?"

"मग ते अस्वल? तुमचे वडील?"

"ते सगळं खरं आहे." तो समोरच्या वाळूकडे बघत म्हणाला. "निसटलेली जनावरं मी जन्मभर पाहिली. आता तेवढा वेळ नाही उरला माझ्याकडं. चल, ऊन चढतंय."

मागे ओबाकेंग आपल्याला काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करून उभा होता. कोर्लियानं किल्ली फिरवली.

सिंह टाकीजवळच होता. गाडीच्या आवाजानं त्यानं मान वर केली, उठला आणि आळसावलेल्या चालीनं त्यांच्याकडेच यायला लागला. जवळ आल्यावर त्यानं जांभई दिली आणि गाडीकडे तोंड करून बसून राहिला, मांसाची वाट बघत.

हार्लननं बंदूक खिडकीच्या कडेवर टेकवली. मग पुन्हा उचलली.

"असा नको. उभा कर त्याला."

"म्हणजे?"

"बसलेल्याला मारलं असं नको व्हायला."

तेव्हा ती नाही म्हणू शकली असती. तिचा हात गाडीच्या दारावर बाहेर लोंबत होता. तिनं तळव्यानं दारावर दोनदा थापटलं, जेवण आणल्यावर थापटतात तसं. सिंह कान टवकारून उभा राहिला.

गोळी फार मागे लागली, पोटात. सिंह त्यांच्या अंगावर आला नाही, झुडपांतही शिरला नाही. तो वळला आणि तारेच्या कडेकडेनं धावत सुटला. कोर्लियानं त्याच्यामागे गाडी घातली. आता कुंपण उघड्यावर दिसत होतं, पण ते लपवायचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

तो फाटकापाशी थांबला होता. ज्या फाटकातून ट्रक आला होता त्याच्या लोखंडाला खांदा लावून तो बसला होता. धाप लागली होती. पलीकडे ओसाड रस्ता सरळ लांब गेला होता.

हार्लननं पुन्हा बंदूक उचलली, पण नळी कापत होती. त्यानं ती मांडीवर ठेवली.

"तू," तो म्हणाला.

कोर्लियानं त्याच्या मांडीवरची बंदूक घेतली आणि ती उतरली. वाळूत पावलांचा आवाज होत नव्हता. सिंहानं तिच्याकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, जशी काही किल्ली तिच्याकडेच आहे. तिनं गोळी झाडली.

फोटोत तार येऊन चालणार नव्हतं. मग दोर बांधून त्याला गाडीनं आत बाभळींपर्यंत ओढत नेलं. ओबाकेंगनं रक्त धुतलं, हनुवटीखाली दगड दिला, आयाळ हातानं नीट केली. या खेपेला त्यानं कसलाच विनोद केला नाही.

संध्याकाळी अंगणात निखारे फुलले होते. हार्लन अंघोळीला गेला होता. त्याची बायको विनी शाल लपेटून कोर्लियाच्या शेजारी येऊन बसली. बारीक चणीची, शांत बाई. फान पाठमोरे होऊन जाळीवरचं मांस उलटत होते.

"एक विचारू? खरं सांग," विनी हळूच म्हणाली. "तो अंगावर आला होता, असं हार्लन म्हणतोय. त्याचे हात हल्ली किती कापतात, मला माहितीय. मला राहवत नाही म्हणून विचारते. खरंच आला होता?"

फानचा चिमटा हवेत थांबला.

"आला होता," कोर्लिया म्हणाली.

विनी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आणखी काही विचारलं नव्हतं तिनं.

"बाभळीतून एकदम आला," कोर्लिया पुढं म्हणाली. "आवाजसुद्धा केला नाही. हार्लन जागचे हलले नाहीत. मीच घाबरले होते. फार बेरकी जनावर, पलीकडच्या रानातून आलेलं. किती दिवस आम्हाला हुलकावण्या देत होतं."

विनीनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सुस्कारा सोडला.

फान ताट घेऊन आले. निखाऱ्यांवरचा पहिला तुकडा पाहुण्याला द्यायची त्यांच्या घरातली रीत होती. तो त्यांनी मुलीच्या ताटात वाढला आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"पुढच्या महिन्यात शिकारीला दोघं भाऊ येताहेत," ते म्हणाले. "तूच ने त्यांना."

कोर्लियानं सुरी उचलली. तिला सडकून भूक लागली होती.