चुकलेला कोट

साहेब, तुम्ही 'बघू' म्हणालात आणि बघितलं नाहीत. तिने दोन कोट तुमच्या टेबलावर ठेवले. तुम्ही त्यांच्यावर चहाचा कप ठेवलात आणि विचारलंत, "कोर्स कुठे केला?"

कुठे केला, ते आता ऐकून घ्या.

तिला सगळे वाफबाई म्हणत. लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती इस्त्री करायची. खोलीभर वाफ आणि वाफेत टांगलेले कोट. इस्त्रीची वाफ लागली की कोट हलकेच फुगायचा, छाती वर यायची, आणि तिला वाटायचं, कुणीतरी झोपेत श्वास घेतंय. अशा झोपलेल्या माणसांत तिने उमेदीची वर्षं काढली. चेहरा एकाचाही पाहिला नाही; पण कोण खिशात हात घालून चालतो, कोण एकाच खांद्याला पिशवी अडकवतो, हे तिला पाठ होतं.

मग मालकाने यंत्र आणलं. कापडी पुतळा. त्याला कोट चढवायचा, बटण दाबायचं. पुतळा वाफेने टम्म फुगतो आणि कोट कडक. मालक म्हणाला, "वाफबाई, हंगाम संपेपर्यंत राहा. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

नणंद तुमच्याच कारखान्यात काजं-बटणं करते. ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे कापायच्या टेबलावर माणूस हवाय. पण कोर्स मागतात."

"आता या वयात दप्तर घेऊन जाऊ?"

"जा की. डबा मी भरून देईन."

लाँड्रीच्या माळ्यावर लोक न्यायला विसरलेले कोट पडून होते. मालकाला विचारून तिने एक घरी आणला आणि टाका टाका उसवला. सगळे भाग जमिनीवर मांडले. बाही मान दुमडून झोपलेल्या बगळ्यासारखी. पाठीचे दोन भाग म्हणजे शेजारशेजारची दोन तळी. त्यांच्या काठाकाठाने बोट फिरवताना तिचं तव्यावरच्या पोळीकडे लक्ष राहिलं नाही. पोळी करपली.

वर्तमानपत्रावर आकार काढून तिने नवं कापड कापलं, नणंदेने मशीन मारली, नवऱ्याने कोट घातला. उजवा खांदा उतरलेला, कोपर आधीच वाकलेलं, पाठीला पोक.

नवरा आरशात बघत राहिला. "यात आधीच कुणीतरी आहे गं. मी कुठे मावू?"

नणंद हसून लोळली. "वहिनी, कोट राहिला बाजूला, तू अख्खा माणूस कापलास."

खरंच होतं ते. वर्षानुवर्षं अंगावर राहून कापडाने कुणाची तरी ठेवण घेतली होती, आणि तिने तीच कागदावर उतरवली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नणंदेने कारखान्यातल्या म्हाताऱ्या कटरला गाठलं. त्याचा निरोप आला: "उभा धागा बघ म्हणावं. कापड ताणलं की धागा वाकडा होतो. आधी तो सरळ कर, मग कागदावर आकार घे."

मग ती जुन्या कोटाचे तेच उसवलेले भाग घेऊन खिडकीच्या उजेडात बसली. वाफ द्यायची, थोपटायचं, लेकराला झोपवावं तसं. धागा इवला इवला सरकत वाटेवर आला. दुपार कलताना तिला वाटलं, तो पोक आलेला माणूस कापडातून उठला, खांद्यावरची पिशवी सावरली आणि दारातून निघून गेला. मागे नुसतं कापड राहिलं, कुणाचंच नसलेलं.

त्यावरून दुसरा कोट झाला. नवऱ्याने घातला, बटणं लावली, आणि तसाच जेवायला बसला. काढायचं विसरला.

तुमच्याकडे निघताना नणंद म्हणाली, "चुकलेला कशाला नेतेस? अक्कल गहाण पडलीय का?"

"तोच तर कोर्स," वाफबाई म्हणाली.

काल लाँड्रीतलं तिचं काम संपलं. आज ती तुमच्या कापायच्या खोलीच्या दाराशी उभी आहे. आत लांबलचक टेबलावर कोरं कापड पसरलंय, अजून कुणाच्याच अंगाला न लागलेलं. तिच्या नजरेला ते मंद श्वास घेतंय. आणि तुम्ही तिला कोर्सचा कागद विचारता, तेही तिच्या कोटांवर कप ठेवून.

कप उचला, साहेब. दोन्ही कोट उलटे करा, खांद्याशी खांदा लावा. मग हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, पण बघून म्हणा. देताय का कात्री तिच्या हातात?