जोलचूंचं मागचं दार

साइकालने ‘लागू करा’वर टिचकी मारली आणि स्क्रीन काळी झाली. तिने पुन्हा नाव घातलं, पासवर्ड घातला. सर्व्हरने ओळखच दाखवली नाही.

झालं! बिश्केकमध्ये बसून दोलोन घाटापलीकडच्या दवाखान्याचा सर्व्हर सांभाळायचा, आणि कुलूप बदलताना किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यायचं! नुसत्या पासवर्डवर कुणाला आत सोडायचं नाही, प्रत्येकाचं डिजिटल प्रमाणपत्र तपासायचं, जुनं एन्क्रिप्शन बंद करायचं, असा वरून हुकूम आला होता. तिने तो पाळला. फक्त प्रमाणपत्रं सर्व्हरवर चढवायची राहिली होती. तिच्या आधी हे काम करणारे जोलचू, तिचे ‘बाइके’ म्हणजे दादा, कानीकपाळी ओरडायचे: दाराच्या सेटिंगला हात लावण्याआधी परतीचं घड्याळ लाव. दहा मिनिटांत तू ‘ठीक’ म्हटलं नाहीस, तर सगळं आपोआप पूर्ववत होतं. आज घाई नडली.

फोन वाजला. दवाखान्यातली नर्स, बातमा. ती साइकालला एजे, म्हणजे ताई म्हणायची.

“एजे, काय केलंत हो? माझीही स्क्रीन गेली! सुयुन आबांच्या छातीत कळा येताहेत. हृदयाचा आलेख काढलाय, पण तिकडे बिश्केकच्या डॉक्टरांना दिसेना!”

“कागदावर काढून फोटो पाठव ना.”

“कागद संपलाय. नवा घाटात अडकलेल्या गाडीत आहे.”

“मग सर्व्हरच्या खोलीत जा, मी सांगते तसं कर.”

“खोलीची किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब भाच्याच्या लग्नात. फोन उचलतील तर शपथ!”

आलेख बघितल्याशिवाय डॉक्टर काही सांगेनात, आणि त्यांच्या शब्दाशिवाय एवढ्या बर्फात रुग्णवाहिका कोणी सोडेना. साइकाल उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

एक वाट होती, आणि तिच्यावरूनच भांडण झालं होतं. सर्व्हरला कुठे जुनं दार उघडं ठेवलंय का, असं तिने गेल्या महिन्यात जोलचूंना विचारलं होतं. “म्हातारपणी मला चोर ठरवतेस?” म्हणून ते जे उठले, ते पुन्हा चहाला फिरकले नव्हते.

तिने फोन लावला.

“बाइके, मी बाहेर अडकले.”

“घड्याळ?”

“नाही लावलं.”

“गाढव!” मग खोकल्याची लांब उबळ.

“नंतर हव्या तेवढ्या शिव्या घाला. तिकडे एक माणूस जायला आलाय. मागचं दार आहे का? खरं सांगा.”

“आहे. दुरून आत शिरायचा जुना प्रोग्राम वेगळ्या पोर्टवर चालू ठेवलाय. एन्क्रिप्शन नाही की काही नाही. कुणी चोर आला असता तर माझीच मान गेली असती.”

“पासवर्ड?”

“तुझं नाव. पुढे तू नोकरीला लागलीस ते साल.”

साइकालने भराभरा टाइप केलं आणि ती आत शिरली. तिने सेटिंग मागे घेतलं. थोड्या वेळाने बातमा दुसऱ्या फोनवर किंचाळली, स्क्रीन आली! डॉक्टरांनी आलेख पाहिला, आणि बर्फ सारणाऱ्या गाडीमागून रुग्णवाहिका निघाली.

“निघाली, बाइके.”

“बरं झालं. आता ते दार बंद कर.”

“मला वाटलं, तुम्ही डोकावायला ठेवलंय.”

“मी कशाला डोकावू? जन्मभर तेच बघितलं. तू एक दिवस अशी घाई करणार, एवढं मात्र माहीत होतं.”

तिने बाहीने नाक पुसलं. आधी दोन मिनिटांचं परतीचं घड्याळ लावलं, मग जुना प्रोग्राम बंद केला. ‘ठीक?’ असं विचारत आकडे उलटे धावू लागले.

“पुन्हा अडले तर तुम्हालाच फोन करीन.”

“आणि मी नसलो तर?”

फोनमधून त्यांचा जड श्वास ऐकू येत होता.

“उद्या चहाला येणार?” तिने विचारलं.

“आधी ‘ठीक’ म्हण.”

“आधी तुम्ही म्हणा. नाहीतर उघडतं बघा दार.”

“अगं ए, खेळ आहे का हा?”

तिने ‘ठीक’वरून बोट उचललं. शेवटचं मिनिट सरत आलं.

“येतो,” जोलचू म्हणाले. “पण बोरसोक घरी तळलेले हवेत, दुकानातले नकोत.”

तिने ‘ठीक’ दाबलं.